सरकीच्या खोलीचं कुलूप

४ जानेवारी, रविवार

जिनिंगच्या भिंतीआड राहिलेल्या माझ्या सोबत्यांनो,

तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आपल्यापैकी एकालाही आपलं माणूस नीट पोचवता आलेलं नाही. कुणाचा बाप रस्त्यात राहिला, कुणाची बहीण बंद दाराआड. आपण त्यांच्या तोंडात पाणी घातलं नाही, चार माणसं गोळा केली नाहीत, दोन शब्द बोललो नाही. आणि त्यातल्या निम्म्यांना आपण नंतर चालताना पाहिलं.

हे मला तुमच्यासमोर उभं राहून बोलायचं होतं. तीस वर्षं मी असंच सुरू करत आलो. जयंतीच्या मांडवात, शिक्षकांच्या मोर्चात, खोट्या बियाण्याविरुद्धच्या उपोषणात. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत माझा आवाज जायचा. आता आवाज काढायची सोय नाही. उठलेले आवाजाकडे येतात. सकाळी कौसल्या खोकत खोकत म्हणाली, "मंग लिहून काढा ना. घशात अडकून मराल तुम्ही."

म्हणून ही वही. मी नागसेन, शाळेत इतिहास शिकवायचो. कौसल्या माझी बायको. मुलगी साक्षी मंठ्याला सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. तिचा शेवटचा फोन २७ डिसेंबरला आला. "बाबा, जमलं की निघते. आईला सांभाळा," एवढंच. मग फोन गेले.

आमचं गाव केदारखेड्यापासून तीन किलोमीटर आत. नाताळच्या दिवशी सकाळी आमचे माजी सरपंच गेले. आदल्या दिवशी त्यांना कुणीतरी चावलं होतं. मुलगी सिल्लोडला दिलेली. लेकीने तोंड पाहिल्याशिवाय उचलायचं नाही, ही आपली रीत. साठेक माणसं अंगणात बसली. मोबाइलवर पुण्याचे, नागपूरचे व्हिडिओ येत होते. माणसं ते बघत, मान हलवत, तिथेच बसून राहिली. अर्ध्या तासाने प्रेताने हात हलवला तेव्हा बायका आनंदाने ओरडल्या.

जिनिंगचा राखणदार कडूबा म्हणतो, गाव उठलेल्यांनी खाल्लं. मी म्हणतो, वाट पाहण्याने खाल्लं.

उरलेले आम्ही गावाबाहेरच्या या कापसाच्या जिनिंग कारखान्यात शिरलो. आज मी इथला पहिला नियम मांडला. कुजबुजत, पण उभा राहून. श्वास थांबला की दहा मिनिटं, चावलेलं असो वा नसो. त्यापुढे कुणाचीही वाट नाही, लेक असो की जावई. ज्याचं माणूस त्याने हात लावायचा नाही. बाकीच्यांतले दोघं पहार घेऊन जातील, मग नदीकाठी जाळायचं. सगळ्यांनी हात वर केले. पुष्पाबाईंनी सगळ्यात शेवटी केला.

९ जानेवारी

हात सोलले आहेत. अक्षर वाईट येतं आहे.

आवारात चारशेच्या वर कापसाच्या गाठी आहेत, एकेक पावणेदोन क्विंटलची. कडूबा इथे बावीस वर्षं राखणदार होता. पहारीचं टोक घालून गाठ कशी उलटवत न्यायची ते त्याने दाखवलं. कुंपणाच्या आत गाठींची दुसरी भिंत उभी राहते आहे. तिच्याआड बोललेलं बाहेर जात नाही. मी एक गाठ ढकलायला गेलो तर कडूबा म्हणाला, "सर, तुम्ही बाजूला व्हा. तुमचा पाय गाठीखाली आला तर तुम्ही वरडान, आन् तुमचं वरडनं पार भोकरदनला जाईन."

पुष्पाबाई आयुष्यभर गोधड्या शिवायच्या. आता त्या आणि चार बायका रुई भरून चार पदरी कोट शिवतात, मनगटापर्यंत. कल्याणने पहिला कोट घातला आणि बाहीला स्वतःच कडकडून चावून पाहिलं. तो केदारखेडा ते भोकरदन काळी-पिवळी जीप चालवायचा.

"न्हाई लागत!" तो म्हणाला.

"तुझे दात हायेत का तसे?" पुष्पाबाई म्हणाल्या. "गुटक्यानं खाल्लेले."

तोंडावर हात ठेवून सगळे हसले. कापूस असल्याने चूल एकच, गाठींपासून पार लांब, आणि बिडी कुणालाच नाही. कडूबा न पेटवलेली बिडी दिवसभर ओठांत धरून असतो.

कल्याण दिवसाआड सायकलवर जातो, जीपचा आवाज नको म्हणून. गाठींवर शिक्के मारायचा काळा रंग आणि ब्रश सोबत नेतो. लोक रस्त्याच्या किलोमीटरच्या दगडांवर निरोप लिहितात. जो वाचेल त्याने पुढच्या दगडावर उतरवायचा. हे कुणी सुरू केलं माहीत नाही. पुष्पाबाईंची मुलगी बेबीनंदा जाफराबादला आहे. काल तिचा निरोप दगडावर मिळाला. ती पायी निघाली आहे.

रुईचे तंतू कौसल्येच्या छातीत जातात. खोकला थांबत नाही. रात्रपाळीवाल्यांनी तक्रार केली नाही, पण त्यांनी करायची वाट कशाला पाहायची? तिला सरकीच्या खोलीत हलवलं. भिंती जाड आहेत, छतापर्यंत सरकीची पोती. आधी एक बोळ, मग जाळीचं दार, मग खोली. तिथून खोकला बाहेर येत नाही. अर्पिता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती रोज तपासते.

१३ जानेवारी

भुजंग गेला. पुष्पाबाईंचा मुलगा. परवा पाणी आणताना उजव्या हाताची दोन बोटं चावली गेली. हात सुजत गेला, आज साडेअकराला संपलं.

पुष्पाबाई म्हणाल्या, "सर, बेबी येऊन राह्यली. उद्या दुपारपोत येती, दगडावर लिव्हलंय तिनं. तोवर बांधून ठेवू. हात बांधू, पाय बांधू, तोंडाला फडकं बांधू. निस्तं तोंड पाहू द्या तिला भावाचं."

मी घड्याळ समोर ठेवलं आणि त्यांच्याशी चार मिनिटं बोललो. म्हणालो की आत्ता हे तोंड भुजंगचं आहे, दहा मिनिटांनी ते त्याचं असणार नाही. बहिणीला भाऊ आठवू द्या, त्याचं हे हलणारं अंग आठवू देऊ नका. म्हणालो की ज्या रीतीने गाव संपवलं ती रीत या भिंतीच्या आत आणायचा अधिकार दुःखालाही नाही. बोलणं चांगलं झालं. आजवरच्या माझ्या चांगल्या बोलण्यांपैकी एक.

"करा," त्या म्हणाल्या. "तुमच्यापुढं कोन बोलनार."

कडूबा आणि कल्याण आत गेले. बारापर्यंत सगळं उरकलं होतं.

अर्पिता म्हणाली, बोट चावलं त्याच क्षणी तोडलं असतं तर कदाचित वाचला असता. पुढच्या वेळेसाठी कोयता उकळून ठेवला आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. बोलायचंच नाही तर गोड काय बोलणार.

बेबीनंदा एक वाजता फाटकाशी आली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात विळा. "भाऊ कुठाय?" पुष्पाबाईंनी नदीकडे बोट केलं. ती राखेपाशी बसून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"किती वाजता गेला?"

"काल साडेअकराला."

"आन् जाळला कधी?"

"बाराला."

"अर्धा तास," ती म्हणाली. "मी तीस कोस चालत आले आसते तरी तुम्ही अर्ध्या तासाच्या वर थांबले नसते."

मी नियम समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचं कोन हाय हितं?"

"माझी बायको आहे."

"बरं," म्हणाली. आईशी मात्र एक शब्द बोलली नाही.

२२ जानेवारी

कौसल्या आज दुपारी साडेतीनला गेली. चावलेलं नव्हतं. दम लागला, मग पाणी मागितलं, मग नाही मागितलं.

मी एकटाच होतो. घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. पाच मिनिटं झाली, सात झाली. अर्पिताला हाक मारायला उठलो आणि परत बसलो. नऊ झाली. तिचा चष्मा सरळ केला. दहा झाली. बारा झाली. पंधराव्या मिनिटाला मी बाहेर आलो, जाळीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवली.

चुलीपाशी जाऊन सांगितलं, कौसल्या गेली. मागच्या दाराने नदीकाठी नेलं, मी एकट्यानेच केलं. नियम मोडला, माझं माणूस असून माझा हात लावला, त्याबद्दल माफ करा.

कडूबाने माझ्या चपलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुःखात माणूस खालीच बघतो. पुष्पाबाईंनी भाकरी दिली. मी खाल्ली.

साक्षी येईपर्यंतच. एकुलती एक मुलगी आहे. तिला तोंड दाखवायचं आणि मग मीच कडूबाला सांगणार. कुलूप पक्कं आहे, जाळी लोखंडी आहे. भुजंगच्या वेळी अशी खोली नव्हती, एवढाच फरक. हे वाक्य मी तीनदा वाचलं. खोली तेव्हाही होती.

२४ जानेवारी

कल्याणला नवा निरोप लिहून दिला: "साक्षी, लवकर ये. बाबा." जास्त लिहिलं असतं तर त्याला संशय आला असता. तो कागदाकडे बराच वेळ बघत होता. मी म्हटलं, "चार शब्द आहेत, पाठ होत नाहीत का?"

"होतेत सर. बराबर लिहितो."

संध्याकाळी आला तेव्हा म्हणाला, "लिहिलं."

२६ जानेवारी

तीस वर्षांत पहिल्यांदा झेंड्यापुढे बोललो नाही. सरकीच्या खोलीत बोललो.

बोळात जाळीच्या अलीकडे पोत्यावर बसतो. ती कोपऱ्याकडे तोंड करून उभी असते. मी बोलू लागलो की वळते आणि जाळीपाशी येते. चष्मा एका कानाला लटकतो आहे. मी संविधान सभेपासून सुरू केलं. पाऊण तास बोललो. ती हलली नाही. घरी माझं भाषण पाच मिनिटं झालं की ती म्हणायची, "भाजी करपून राह्यली, मी आले."

बाहेर सांगितलं आहे की सरकीला कीड लागू नये म्हणून रोज पोती बघतो.

३० जानेवारी

लहान मुलांची झोपायची जागा अर्पिताने पार दुसऱ्या टोकाला, वजनकाट्यापाशी नेली. तिकडे थंडी जास्त आहे. मी कारण विचारलं. "हितं सरकीचा वास येतो सर." पंधरा दिवस येत नव्हता.

कल्याण आणि इतर चौघांनी सरकीच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला गाठींची दुहेरी रांग लावली. मी म्हटलं, फाटकाची बाजू कच्ची असताना इथे कष्ट कशाला? "ओल येती सर," कल्याण म्हणाला. जानेवारीत कुठली ओल? नियोजन सुटत चाललं आहे. मी लक्ष घालायला हवं, पण घालवत नाही.

३ फेब्रुवारी

पुष्पाबाईंनी माझ्यासाठी कोट शिवला. इतरांचा चार पदरी, माझा सहा पदरी, गळ्यापर्यंत. "आत जाताना घालत जा सर."

"आत म्हणजे कुठे?"

"कुठंबी."

कोट जड आहे. पोरांसाठी वापरायची रुई वाया घालवली. पण घातला.

कडूबा म्हणाला, मागच्या भिंतीपाशी उठलेले वाढलेत, रोज पाच-सहा दिसतात. आणि मग, बिडी या ओठातून त्या ओठात सरकवत: "सर, पोती मोजताना जरा हळू मोजत जा."

मी हळूच बोलतो. पण बोलता बोलता आवाज चढत असेल. सवय आहे.

५ फेब्रुवारी

साक्षीची बातमी नाही. आज काही बोललो नाही, नुसता बसलो. ती जाळीपाशी आली नाही. बोललो की येते, गप्प बसलो की नाही येत. म्हणून बोललो.

८ फेब्रुवारी, रविवार

कडूबाला चावलं. डाव्या हाताची दोन बोटं. अर्पिताने जागच्या जागी तोडली. कोयता उकळलेला होता, कल्याणने दंड आवळून धरला. कडूबाने कोटाची बाही दातांत धरली आणि आवाज काढला नाही.

कुठे झालं विचारलं. "मागच्या भितीला," कल्याण म्हणाला. कोट असताना बोटं उघडी कशी होती? "साखळी आवळत व्हता."

भिंतीला कसली साखळी?

"आसती एक," कडूबा म्हणाला. चेहरा राखेसारखा होता. "सर, आता तुम्ही जा. तुमचा टाइम झाला पोत्यांचा."

मी गेलो. जाळीच्या दाराला कुलपाखाली एक नवी साखळी दिसली, अर्धवट आवळलेली. मला वाटलं, जुनीच असेल, आधी लक्ष गेलं नसेल. कौसल्येच्या हनुवटीला काहीतरी लागलं होतं. मी तिच्याशी आज शिक्षणाबद्दल बोललो.

११ फेब्रुवारी

कडूबाला ताप नाही. अर्पिता म्हणते, वाचला. म्हणजे आता आपल्याला हे माहीत झालं: बोट लगेच तोडलं तर माणूस राहतो. ही या महिन्यातली एकच नवी गोष्ट. तिने ती कोळशाने भिंतीवर लिहिली, सगळ्यांना दिसेल अशी.

कडूबा मला म्हणाला, "बरं झालं. बिडी उजव्या हाताची हाय."

१२ फेब्रुवारी

आज कल्याणसोबत मीही गेलो. अर्पिताला औषधं हवी होती, दोन माणसं लागणार होती. कल्याण नको नको म्हणत होता. "ऊन हाय सर. सहा पदरी कोट हाय तुमचा. सायकल जुनी हाय." मी ऐकलं नाही.

केदारखेड्याच्या पुलाअलीकडच्या दगडावर काळ्या रंगात, कल्याणच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं:

"साक्षी, आई गेली. येऊ नको. बाबा बरे आहेत."

मी ते दोनदा वाचलं. कल्याण सायकल धरून उभा होता.

"मी हे लिहायला सांगितलं नव्हतं."

"न्हाई सर."

"कधी लिहिलंस?"

"चोवीस तारखेलाच. सगळ्या दगडांवर."

औषधं घेतली, परत आलो.

चुलीपाशी सगळे बसले होते. त्यांना कळलंच असावं. मला रागाने काही बोलायचं होतं, वाक्यं तयार होती. पण नुसतं विचारलं, "तुम्हाला माहीत आहे?"

कडूबा म्हणाला, "पहिल्या दिवशीपासून. नदीला गेल्ते म्हणले, आन् चपला कोरड्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्यापुढं कोन बोलनार," पुष्पाबाई म्हणाल्या. टोमणा मारायचा म्हणून नाही. नुसतं म्हणाल्या.

"नियम होता," मी म्हणालो. "तुम्ही जायला हवं होतं. दार तोडून जायला हवं होतं."

"व्हता ना नियम," कडूबा म्हणाला. "पर आम्ही म्हणलं, सर आहेत, शिकलेले आहेत, दोन दिवसांत स्वतःच सांगतेन. मंग चार दिवस. मंग म्हणलं, आता आठवडा झालाच हाय. आम्ही तुमची वाट पाहून राह्यलो व्हतो."

माझ्या डोळ्यांसमोर सरपंचांचं अंगण आलं. साठ माणसं, मांडी घालून.

"तुझी बोटं," मी म्हणालो.

"जाऊ द्या."

"कौसल्येने?"

"कुलूप ढिलं व्हतं. तुम्ही जाळीला टेकून बसता. म्हणलं, साखळी आवळावी." त्याने बांधलेला हात मांडीवरून उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला. "त्या काय मुद्दाम करतेत का."

मला एकच विचारायचं राहिलं होतं. मी रोज आत बसतो तेव्हा काही झालं असतं तर?

"बाहेर मी आसते," बेबीनंदा म्हणाली. एवढा वेळ ती भाकरी थापत होती. "रोज. बोळाच्या दारापाशी, पहार घेऊन. तुमचं समदं भाषण ऐकते. स्वातंत्र्याचं झालं, शिक्षणाचं झालं. काल पाण्याचं व्हतं, ते चांगलं व्हतं." भाकरी तव्यावर टाकली. "पहिल्या दिवशी आत यायचं ठरवलं व्हतं मी. पहार घेऊनच आल्ते. म्हणलं, माझ्या भावाला अर्धा तास न्हाई, आन् हिला? मंग दारातून ऐकलं. तुम्ही त्यांला चष्मा सरळ करा म्हणून सांगत व्हते."

भाकरी फुगली, तिने उलटली.

"तुमची पोरगी आली आसती तर काय दाखवनार व्हते?" पुष्पाबाईंनी विचारलं. "शंभर किलोमीटर चालून काय पाहिलं आसतं तिनं?"

माझं उत्तर मी त्यांना तेरा जानेवारीला दिलं होतं.

१३ फेब्रुवारी

आज आत गेलो नाही. बोळाच्या दारापाशी, बाहेर, बेबीनंदाच्या जागेवर बसलो. आतून काही ऐकू येत नाही. इतके दिवस ती इथे काय ऐकत बसली असेल? फक्त मला.

मी गप्प असल्यामुळे मागच्या भिंतीपाशी दोनच उठलेले होते.

किल्ली खिशात आहे. कडूबाकडे द्यायला दोनदा गेलो. त्याचा हात बघून परत आलो.

१४ फेब्रुवारी

कुणी घाई करत नाही. तेच वाईट आहे. सगळे पुन्हा वाट बघताहेत, आता माझ्यादेखत.

१५ फेब्रुवारी, रविवार

बेबीनंदा आणि कल्याण राजूरपर्यंत जाऊन आले. मी ज्वारी निवडत होतो. ती समोर उकिडवी बसली आणि पोत्याचा एक तुकडा पुढे केला. राजूरजवळच्या दगडावरचा निरोप तिने त्यावर उतरवून आणला होता.

"बाबा, वाचलं. इथे दवाखान्यात पन्नास आहेत, मला सोडता येत नाही. माझ्यासाठी आईला ठेवू नका. पहिल्या पगाराचा चष्मा ठेवा. साक्षी."

अक्षर बेबीनंदाचं. त्याआधी दगडावर कुणा अनोळखी माणसाचं, त्याआधी आणखी कुणाचं. मंठ्यापासून कितीजणांनी रस्त्यात थांबून, मागेपुढे बघत, हे एका दगडावरून दुसऱ्या दगडावर आणलं असेल. एकानेही शब्द गाळला नाही.

माझ्या मनात आलं, कल्याणने रचलं असेल. मग चष्मा वाचला. तो साक्षीने पहिल्या पगारात आणला होता. कौसल्या तो झोपतानाही उशाशी नाही, हातात धरून झोपायची. हे आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

आईला ठेवू नका. तिला कुणी सांगितलं की मी ठेवलं असेन? दगडावर तर "गेली" लिहिलं होतं. कुणी सांगितलं नाही. ती मला ओळखते.

ती जिवंत आहे, हे मला नंतर सुचलं. पन्नासजण तिच्या भरवशावर आहेत आणि ती वाट बघत बसलेली नाही.

रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. राहिलेली ज्वारी निवडून पूर्ण केली. बेबीनंदाने खडे वेचायला मदत केली. उठताना म्हणाली, "तुमच्या पोरीला मी काही म्हणणार न्हाई. तिनं माझ्यासारखं भांडण न्हाई काढलं."

"तू काय वाईट केलंस?"

"कायी न्हाई. आईशी बोलते आता मी."

१६ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

जिनिंगच्या भिंतीआडच्या माझ्या सोबत्यांनो,

ही वही मी बेबीनंदाच्या हातात देतो आहे. तिने ती चुलीपाशी हळू आवाजात वाचावी. मी तिथे नसेन, नदीकाठी लाकडं रचायला गेलेलो असेन. बोलायला उभा राहिलो तर मी पुन्हा चांगलं बोलेन, आणि तुम्ही पुन्हा माझं ऐकाल. ते नको आहे.

पहिल्या पानावर मी तुमची आणि माझी तक्रार एक आहे असं लिहिलं. ते खरं नव्हतं. तुम्हाला तुमच्या माणसांसाठी दहा मिनिटं मिळाली. मी पंचवीस दिवस घेतले, आणि त्याची किंमत कडूबाच्या दोन बोटांनी दिली. मुलं थंडीत काट्यापाशी झोपली. बेबीनंदा रोज पहार घेऊन बसली. मला वाटत होतं, मी तुमच्यापासून काहीतरी लपवतो आहे.

पुष्पाबाई, भुजंगच्या वेळी मी जे बोललो ते बरोबर होतं. मी ते बोलायला नको होतं. दोन्ही खरं आहे, आणि यातून मला पुढे जाता येत नाही.

नियम आता माझ्या तोंडचा राहू देऊ नका. तो अर्पिताच्या कोळशाने भिंतीवर लिहून काढा. माणूस कोणीही असो. शिकलेला असला तर आणखी जल्दी करा.

कल्याण, बेबीनंदा, तुम्ही दोघं जा. कोट घाला, मनगटाच्या खालीही फडकं बांधा. कडूबा, तू जाऊ नको. ती जाळीपाशी येणार नाही, कारण तिच्याशी बोलायला आज कुणी नाही. झाल्यावर चष्मा काढून घ्या. डावी काडी सैल आहे, जपून. तो पुसून माझ्यासाठी नाही, दगडांच्या रस्त्याने मंठ्याकडे जाणाऱ्या पहिल्या माणसासाठी ठेवा.

माझ्यासाठी थांबू नका. मी येईन, मग करू, असं म्हणू नका. मी लाकडं रचून तिथेच उभा आहे.

किल्ली या पानात ठेवली आहे. वाचून झालं की वही बाजूला ठेवा, उठा, आणि सरकीच्या खोलीचं कुलूप उघडा.